प्रार्थना करणाऱ्या नायिकेची बाजू

सातव्या एडवर्डच्या काळातलं इंग्लंड. मोठमोठ्या इस्टेटी, ड्यूक आणि बॅरोनेट, लंडनच्या ‘सीझन’मधले नाचसमारंभ, आणि या सगळ्यात एक मुलगी, जी लग्नाला होकार देण्याआधी गुडघे टेकून देवाला विचारते. अशा ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्या इंग्रजीत आज मोठ्या प्रमाणावर लिहिल्या जातात आणि वाचल्याही जातात. साहित्याची जाण असलेल्या मंडळींचं त्यांच्याविषयीचं मत मात्र वाचण्याआधीच ठरलेलं असतं. त्यांच्या मते यातला इतिहास खोटा, भक्ती वरवरची, प्रेम बेचव आणि एकंदर सगळा मामला प्रचारकी. हे मत मला मान्य नाही. ते आळसातून आलेलं आहे असं मला वाटतं, आणि का वाटतं ते सविस्तर सांगायला हवं.

इतिहासाचा आक्षेप सर्वांत वजनदार दिसतो, म्हणून आधी तोच घेतो. आक्षेप असा की, एडवर्डने १९०१ च्या जानेवारीपासून १९१० च्या मे महिन्यापर्यंत राज्य केलं आणि त्याच्या भोवतालचं वर्तुळ चैनीसाठीच प्रसिद्ध होतं. ॲलिस केपेल ही राजाची प्रेयसी आहे हे दरबारात सगळ्यांना ठाऊक होतं. शनिवार ते सोमवार चालणाऱ्या इस्टेटींवरच्या मेजवान्यांमध्ये कुणाची खोली कुणाच्या शेजारी असावी याचा विचार यजमानीण बाई काळजीपूर्वक करत. नियम एकच, गवगवा होता कामा नये. अशा समाजात प्रार्थना करणारी उमरावकन्या आली कुठून?

यातला प्रत्येक तपशील खरा आहे. चूक आहे ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात. राजाच्या मित्रमंडळींचं वर्तुळ म्हणजे सगळा उमराव वर्ग नव्हे, आणि त्या वर्तुळातली माणसंसुद्धा रविवारी चर्चमध्ये दिसत. १९०२-०३ मध्ये ‘डेली न्यूज’ या वर्तमानपत्राने लंडनमधल्या प्रार्थनास्थळांत जाणाऱ्यांची मोजणी केली. तिच्यात उपस्थिती जास्त निघाली ती सुखवस्तू वस्त्यांत आणि घसरलेली दिसली ती गरिबांच्या ईस्ट एंडमध्ये. रविवारी सकाळची उपासना आटोपली की हातात प्रार्थनापुस्तक घेऊन हाइड पार्कमध्ये फेरफटका मारणं हा तर श्रीमंतांचा रिवाजच होता. त्यात दिखावा होता हे मान्य. पण जिथे धर्माला किंमतच नसते, तिथे कुणी धर्माचा दिखावा करत बसत नाही.

दिखाव्यापलीकडचीही माणसं होती. आर्थर बाल्फोर १९०२ ते १९०५ या काळात पंतप्रधान होते आणि त्यांनी श्रद्धेच्या पायाविषयी तत्त्वज्ञानाचा ग्रंथ लिहिलेला होता. लॉर्ड किनेर्ड फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्ष आणि त्याच वेळी वायएमसीएचे खंदे कार्यकर्ते. १९०५ मध्ये अमेरिकन प्रवचनकार टॉरी आणि गायक अलेक्झांडर यांच्या सभा लंडनमध्ये झाल्या त्या गल्लीबोळात नव्हे, तर रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. राजाच्या मृत्यूच्या पुढच्याच महिन्यात, १९१० च्या जूनमध्ये, एडिंबरा इथे जागतिक मिशनरी परिषद भरली आणि तिचं अध्यक्षपद लॉर्ड बाल्फोर ऑफ बर्ले या सरदाराकडे होतं. या सगळ्या घरांत मुली वाढत होत्या. त्यांतली एखादी मनापासून प्रार्थना करत असेल यात अशक्य ते काय?

उलट खोटेपणा कुठे आहे तो बघा. ‘डाउन्टन ॲबी’ ही मालिका २०१० मध्ये सुरू झाली आणि जगभर गाजली. तिच्यातल्या पोशाखांची, काट्याचमच्यांची, नोकरांच्या अदबीची अचूकता वाखाणली गेली. तिचे इतिहास-सल्लागार अलास्टर ब्रूस यांनी २०१५ मध्ये सांगितलं की, धर्म बाहेर ठेवावा असा निर्मितीशी संबंधित वरिष्ठांचा आग्रह होता. जेवणाआधीची प्रार्थना दाखवावी लागू नये म्हणून कुटुंब टेबलाशी येऊन बसतंय असं दृश्यच टाळलं जाई. म्हणजे त्या घरात रोज घडणारी गोष्ट काढून टाकली, आणि तरीही मालिका ‘अस्सल’ ठरली. ख्रिस्ती कादंबरीकाराने तीच प्रार्थना परत टेबलावर आणली की ती इतिहासाची मोडतोड ठरते. हा न्याय मला समजत नाही.

आता एका खऱ्या बाईविषयी थोडं थांबून बोलतो, कारण ‘अशी नायिका असूच शकत नाही’ या विधानाला तिच्या आयुष्याइतकं चोख उत्तर माझ्याजवळ दुसरं नाही. लेडी हेन्री सॉमरसेट. अर्ल सॉमर्स यांची मुलगी, ईस्टनर कॅसलची वारस. १८७२ मध्ये ड्यूक ऑफ बोफर्टच्या दुसऱ्या मुलाशी त्यांचं लग्न झालं. नवऱ्याचे एका तरुणाशी संबंध आहेत हे कळल्यावर त्या घर सोडून निघाल्या आणि मुलाचा ताबा मिळवण्यासाठी न्यायालयात गेल्या. ताबा मिळाला. पण उमराव समाजाने नवऱ्याला नव्हे, त्यांना वाळीत टाकलं. बाईने ही गोष्ट चारचौघांत बोलावी हाच मोठा गुन्हा ठरला. त्या एकटेपणात त्या श्रद्धेकडे वळल्या. आपल्याच इस्टेटीवरच्या कुळांची दारूने काय अवस्था केली आहे हे पाहून दारूबंदीच्या चळवळीत उतरल्या, तिच्या ब्रिटनमधल्या महिला संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. १८९५ मध्ये सरी परगण्यात डक्सहर्स्ट इथे त्यांनी व्यसनी स्त्रियांसाठी वसाहत उभारली. तिथे स्त्रियांना कोठडीत डांबत नसत. छोटी घरं, बागकाम, मुलांना सोबत ठेवायची मुभा, आणि चर्च. एडवर्डच्या कारकिर्दीची वर्षं या बाईंनी मेफेअरच्या दिवाणखान्यांत घालवली नाहीत, डक्सहर्स्टच्या कामात घालवली. १९२१ मध्ये त्या वारल्या.

अशी नायिका एखाद्या कादंबरीत आली तर आमचे समीक्षक म्हणतील, फारच आदर्शवादी रंगवली आहे.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. तो असा की, या कादंबऱ्यांत प्रेमकथा आधी रचलेली असते आणि धर्म नंतर वरून चिकटवलेला असतो. वाईट कादंबऱ्यांबाबत हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण हा प्रकारच मुळात तसा आहे, असं म्हणणाऱ्याला त्या काळातलं उमराव लग्न काय चीज होती ते कळलेलं नाही.

कॉन्सुएलो व्हँडरबिल्टचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या अफाट श्रीमंत घरातली मुलगी. तिचं मन दुसऱ्यावर होतं. आईने धाकदपटशा करून १८९५ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, तिचं लग्न नवव्या ड्यूक ऑफ मार्लबरोशी लावलं. ड्यूकला मिळाले २५ लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर आणि मुलीच्या आईला मिळाला ड्यूक जावई. १९०६ मध्ये नवराबायको वेगळे झाले, १९२१ मध्ये घटस्फोट झाला. पुढे १९२६ मध्ये रोमच्या चर्च-न्यायालयाने हे लग्न मुळातच अवैध ठरवलं. कारण? मुलीची संमती जबरदस्तीने घेतलेली होती. खुद्द आईने तशी साक्ष दिली.

या निकालाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. पैसा, पदवी, न्यूयॉर्कच्या चर्चमधला थाटामाटाचा विवाहविधी, दोन मुलगे, हे सगळं असूनही चर्च म्हणालं की लग्न झालंच नव्हतं, कारण मुलीने मनापासून ‘हो’ म्हटलेलं नव्हतं. ख्रिस्ती विवाहाचा पाया वधूवरांची संमती हा आहे. इंग्लंडच्या चर्चच्या विवाहविधीतही पाळक वराला विचारतो तसं वधूलाही स्वतंत्रपणे विचारतो. व्यवहारात बाजार मांडणाऱ्या त्या वर्गाने हा प्रश्न तोंडदेखला करून टाकला होता. म्हणून जेव्हा कादंबरीतली मुलगी हा प्रश्न खरा मानते, ‘मला देवासमोर खोटं बोलता येणार नाही’ असं म्हणून चांगलं स्थळ नाकारते, तेव्हा प्रेमकथा आणि धर्मकथा एकच झालेली असते. चिकटवायला काही उरतच नाही. बापाचा शब्द, आईची प्रतिष्ठा, घराण्याचं कर्ज या सगळ्यांच्या वर एक अधिकार आहे आणि तो थेट माझ्या विवेकाशी बोलतो, ही समजूत त्या मुलीच्या हातातलं सर्वांत धारदार हत्यार होतं. मतदानाचा हक्क तिला नव्हता. घटस्फोटाचा कायदा तर उघड पक्षपाती होता. बायकोच्या व्यभिचारावर नवऱ्याला घटस्फोट मिळे, पण बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. १९२३ पर्यंत हे असंच चाललं. त्या काळच्या मुलीला गुडघे टेकून मिळालेलं बळ आज आपल्याला मागास वाटत असेल, तर दोष तिचा नाही.

आणि हे सगळं आजच्या लेखिकांनी मागाहून शोधून काढलेलं नाही. त्याच काळात, त्याच समाजाविषयी, एका पाळकाच्या पत्नीने अशी कादंबरी लिहिली. फ्लॉरेन्स बार्कले, हर्टफर्डशायरमधल्या लिटल ॲमवेलच्या व्हिकारची बायको, आठ मुलांची आई. ‘द रोझरी’ १९०९ मध्ये आली, आणि १९१० मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपलेली कादंबरी तीच होती. पुढे तिचा खप दहा लाखांवर गेला. साहित्याच्या इतिहासांत तिला जेमतेम एखादी ओळ मिळते, तीही बहुधा नाक मुरडून.

नायिका जेन चॅम्पियन एका डचेसची भाची. तिशीला आलेली, दिसायला साधी, मनाने खंबीर. एका मैफलीत आयत्या वेळी ती गाते आणि गार्थ डाल्मेन हा देखणा चित्रकार तिच्या आवाजाने हलून जातो. तो लग्नाची मागणी घालतो. दुसऱ्या दिवशी गावच्या चर्चमध्ये जेन त्याला नकार देते. कारण सांगते ते खोटं, की तू अजून पोरवयाचा आहेस. खरं कारण भीती. आपला साधा चेहरा रोज समोर बघून सौंदर्याचा हा उपासक एक दिवस कंटाळेल. पुढे अपघातात गार्थची दृष्टी जाते आणि जेन खोट्या नावाने, परिचारिका होऊन, त्याच्या सेवेला जाते.

‘नायकाला आंधळं करून लेखिकेने नायिकेच्या रूपाची अडचण सोयीस्करपणे दूर केली,’ असं म्हणणाऱ्यांनी पुस्तक नीट वाचलेलं नाही. आंधळेपणाने अडचण वाढते. आता जेन परत आली तर तो प्रेम मानणार नाही, कीव मानेल, आणि कीव त्याला नको आहे. म्हणून ती लपून राहते. जेन म्हणून ती त्याला पत्रं लिहिते आणि परिचारिका म्हणून तीच पत्रं त्याला वाचून दाखवते. तो उत्तर सांगतो, ते तिलाच उतरवून घ्यावं लागतं. त्याचं जग कळावं म्हणून मधल्या काळात काही दिवस ती स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधून वावरते. आवाज, हस्ताक्षर, कागदाची घडी, जिन्यावरची पावलं यांत लेखिकेने जी घालमेल उभी केली आहे, ती मला शयनगृहाचं दार उघडून मिळणाऱ्या वर्णनांपेक्षा कितीतरी जास्त अस्वस्थ करते. ‘सोवळ्या कादंबऱ्या’ म्हणून यांची टवाळी होते. संयमाने लिहिलेलं प्रेम बेचव असतं असं मानणाऱ्याला बरंचसं थोर प्रेमसाहित्य बाजूला ठेवावं लागेल.

आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. जेनचा नकार चर्चमध्ये दिला जातो आणि तोच चुकीचा ठरतो. धर्मस्थळात उभं राहून घेतलेला निर्णय अहंकाराचा आणि भीतीचा असू शकतो, हे एका पाळकाची बायको आपल्या भाविक वाचकांना सांगते आहे. जेनचं पाप कुठलंही लफडं नव्हे. समोरच्याच्या प्रेमावर तिने विश्वास ठेवला नाही आणि त्याच्या वतीने स्वतःच निर्णय घेऊन टाकला, हे तिचं पाप. त्याची कबुली तिला द्यावी लागते, त्याच्याच पुढे. प्रचारकी पुस्तकात नायिका चुकत नाही. इथे ती चुकते, आणि तिची श्रद्धाच तिला चूक दाखवते. योगायोग फार आहेत, संवाद जागोजागी लांबले आहेत, हे कबूल. पण यातली भक्ती वरून चिकटवलेली आहे असं प्रामाणिक वाचक म्हणू शकणार नाही.

‘प्रचारकी’ या शिक्क्याबद्दल मराठी वाचकाने तर दहादा विचार करावा. आपल्या भाषेतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती बाबा पद्मनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ साली आलेली. लेखक धर्मांतरित ख्रिस्ती, हेतू उघड, विषय हिंदू विधवांचे हाल. विधवांची दुःखं पाहत फिरणारी यमुना पुढे स्वतः विधवा होते, आणि शेवटी ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. धर्मप्रचार आहेच. पण त्या हेतूनेच त्या लेखकाला जे दिसलं ते तोवर मराठी गद्यात कुणी कथारूपाने मांडलं नव्हतं. ज्या साहित्याची सुरुवात अशी झाली, त्याच्या वाचकांनी हेतू दिसला की नाक दाबावं हे शोभत नाही.

विवेकाच्या अधिकाराचीही साक्ष आपल्या घरातच आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्या ज्या सिस्टर्सनी, म्हणजे जोगिणींनी, त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच त्या नंतर मतांवरून पत्रांतून भांडल्या. चर्चने सांगितलं म्हणून मी मानणार नाही, मला पटलं तरच मानीन, ही त्यांची भूमिका. तो पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. श्रद्धा बाईला आज्ञाधारक बनवते असं सरसकट म्हणणाऱ्याने तो जरूर वाचावा.

राहिला वर्गाचा प्रश्न, आणि इथे मी विरोधकांच्या बरोबर काही अंतर चालायला तयार आहे. इस्टेटीची झळाळी यांतल्या अनेक लेखिकांना मोहात पाडते. पहाटे उठून शेगड्या पेटवणारी मोलकरीण त्यांच्या पानांत फार लवकर कृतज्ञ होते. सीबम राउंट्रीने १९०१ मध्ये यॉर्क शहराची पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात एकूण लोकसंख्येतले २८ टक्क्यांच्या आसपास लोक दारिद्र्यात निघाले. हे इंग्लंड या कादंबऱ्यांत क्वचित दिसतं. दिसतं तेव्हा मात्र बरं दिसतं. आजच्या लेखिका कॅरी टुरान्स्की यांच्या हायलँड हॉल मालिकेतल्या दुसऱ्या कादंबरीत एका बाजूला सीझनमध्ये उतरलेली उमरावकन्या आहे आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट एंडच्या धर्मादाय दवाखान्यात राबणारा वैद्यकीय विद्यार्थी. या दोन जगांना जोडणारा पूल त्या काळात खरोखर होता आणि तो बहुतांशी ख्रिस्ती माणसांनी बांधला होता. कॅनन बार्नेट यांनी १८८४ मध्ये काढलेलं टॉयन्बी हॉल हे सेवाकेंद्र त्यातलं ठळक नाव. श्रीमंत घरातली म्यूरिएल लेस्टर तरुणपणी बो या गरीब वस्तीत गेली ती तिथलीच झाली. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी उतरले ते तिच्याच किंग्जली हॉलमध्ये.

याच मालिकेतल्या पहिल्या कादंबरीची नायिका ज्युलिया फॉस्टर आईवडिलांबरोबर भारतात मिशनरी काम करत होती. आजारपणामुळे कुटुंबाला परतावं लागतं आणि ती एका बॅरोनेटच्या घरी गव्हर्नेस होते. भारतीय वाचक म्हणून माझी तक्रार इथे आहे. या प्रकारात भारत बहुधा नायिकेच्या चांगुलपणाचं प्रमाणपत्र म्हणून येतो. त्याच वर्षांत प्रत्यक्ष काय घडत होतं? १९०४-०५ मधल्या वेल्सच्या धर्मजागृतीच्या बातम्या केडगावला पोचल्या होत्या आणि १९०५ मध्ये तिथल्या रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्येही तशीच जागृती झाली. ती घडवणारी एका मराठी बाईची संस्था होती. ज्युलियासारख्या नायिकेला तिथे शिकवायला नव्हे, शिकायला पाठवता आलं असतं.

म्हणून माझा खरा आक्षेप विरोधकांच्या नेमका उलट आहे. या कादंबऱ्यांत धर्म जास्त नाही, तो कमी पडतो. आजच्या अनेक लेखिका अमेरिकन आहेत आणि त्यांच्या नायिका आजच्या अमेरिकन चर्चमधल्या बाईसारख्या प्रार्थना करतात. एडवर्डकालीन इंग्लंडमध्ये धर्म हा रस्त्यावरच्या भांडणाचा विषय होता. १९०२ च्या शिक्षण कायद्याविरुद्ध इंग्लंडच्या चर्चबाहेरच्या पंथांच्या लोकांनी कर भरायला नकार दिला, काहीजण तुरुंगात गेले. मेणबत्त्या, धूप आणि झगे यांवरून चर्चमध्ये एवढा कलह माजला की १९०४ मध्ये त्यासाठी शाही आयोग नेमावा लागला. ड्यूकची मुलगी कर न भरणाऱ्या मेथडिस्टाच्या प्रेमात पडली तर काय होईल? ही कादंबरी कुणीतरी लिहायला हवी, आणि ती हाच प्रकार लिहू शकतो, कारण या प्रश्नांना गंभीरपणे घेणारे वाचक त्याच्याकडेच आहेत.

तोवर एक विनंती. या प्रकारावर मत द्यायचं असेल तर निदान एक पुस्तक शेवटपर्यंत वाचून द्या. सुरुवात ‘द रोझरी’पासून करा. फ्लॉरेन्स बार्कले १९२१ मध्ये वारल्या, पुस्तकाच्या प्रताधिकाराची मुदत केव्हाच संपली आहे, आणि ते कुणालाही फुकट वाचता येतं. कुणा अनुवादकाने ते मराठीत आणायचं मनावर घेतलं, तर त्यालाही कुणाची परवानगी मागावी लागणार नाही.